पाच टिकांचं घर

तोआ पायोह, सिंगापूर
३ ऑगस्ट

चि. पदू,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं न वाचता फोन बाजूला ठेवलास तरी तो तुझ्यापाशी राहील.

मी कागदावर लिहिते आणि त्याचा फोटो काढून तुला पाठवते. हे कुणी शिकवलेलं नाही, खुडबुड करून माझं मीच जमवलं. नंबर विश्वासने दिला. आपलाच मामेभाऊ आहे तो, त्याच्यावर डाफरू नकोस.

तुझ्या आणि सविताच्या नवराबायकोच्या भांडणात मी सविताची बाजू घेतली. आजही कुणी विचारलं तर घेईन. तेव्हा तो विषय तू काढू नकोस, मीही काढत नाही. तुझा अबोला तुला लखलाभ. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर दे, मग पुन्हा तिकडे इंग्लंडात तोंड फिरवून बस.

आईचं सुरू कसं झालं?

शेवटची आई मी पाहिली. साडीच्या पदराला ‘अहो’ म्हणून हाक मारणारी. पण सुरुवात तुझ्या घरात झाली, नाशिकला, आणि ती फक्त तू पाहिलीस. पहिल्यांदा काय गेलं? माणसं, की शब्द, की वस्तू? तिचं डोकं दुखायचं का? खरं काय ते सांग. मी मोठी बहीण म्हणून मऊ करून सांगू नकोस.

परवा धिरडी करत होते. तव्यावरचं धिरडं उलटायला जे घेतो ते माझ्या हातात होतं, आणि त्याला काय म्हणतात ते आठवेना. धिरडं करपून गेलं तरी मी हातातल्या वस्तूकडे बघत उभी. शेवटी ऋताला विचारलं, "हे काय गं?" ऋता म्हणजे कुशलची मुलगी. तू पाहिलीस तेव्हा रांगत होती, आता सहावीत आहे. म्हणाली, "आजी, दॅट वन स्पॅच्युला लाह." मी म्हटलं, मराठीत सांग. तिला कुठलं येतंय. दोघी हसलो. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

शब्द संध्याकाळी सापडला. उलथनं. तेव्हा मी वॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळाशी मोकळी जागा असते तिथे, शेजारच्या मिसेस टे यांच्याबरोबर बाकावर बसले होते. खाली बसलं की डोकं कसं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वर आले की पुन्हा कपाळाला कुणीतरी फडकं करकचून बांधतं.

कुशलला आणि सुनेला, गार्गीला, यातलं काही माहीत नाही. दोघं सकाळी बुओना व्हिस्टाला ऑफिसात जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर घरात मी, आणि शाळेतून आल्यावर ऋता. तिची मोठी परीक्षा तोंडावर आली आहे. तिचं खाणंपिणं माझ्या हातात आहे, पदू. म्हणून विचारते.

ताई

१० ऑगस्ट

पदू,

तुझ्या दोन निळ्या टिका दिसल्या, म्हणजे वाचलंस. टिका आल्या आणि टीका आली नाही, हे तुझ्या बाबतीत नवलच.

उत्तर नसेल द्यायचं तर तुझ्या धंद्यातलंच काही सांगते, त्याने तरी तुझी दातखीळ सुटते का बघू. विश्वास म्हणत होता, तू भाड्याची घरं तपासत फिरतोस. कुठलं घर वीज-गॅस किती खातं त्याचा दाखला देतोस, आणि त्या दाखल्यावाचून तिकडे घर भाड्याने देताच येत नाही. इथे घरांना तसा कायदा नाही. इथे फ्रिजला आणि एसीला टिका असतात, पाच टिका म्हणजे गुणी यंत्र. पण कुशलच्या कंपनीने यंदा नवी टूम काढली. कुठल्याशा खाजगी संस्थेच्या तपासणीत ज्याचं भाड्याचं घर पाच टिकांचं ठरेल, त्यालाच घरभाड्याची मदत. आमचे घरमालक मिस्टर क्वेक एका पायावर तयार. पाच टिकांच्या घराला भाडेकरू रांग लावतात म्हणे.

जूनच्या शेवटी तपासायला एक मुलगी आली. हातात धूर सोडणारी बारीक कांडी. ती दाराखिडक्यांच्या फटींपाशी धरायची, धूर कुठे ओढला जातो ते बघायचं, म्हणजे एसीची थंड हवा कुठून पळते ते कळतं. तुला काय सांगायचं म्हणा, तू हेच करत असशील. मला वाटलं वास्तुशांतच चालली आहे. अर्ध्यात तिची कांडी संपली. मी म्हटलं थांब, आणि आपली मोगऱ्याची उदबत्ती लावून दिली. ती हसली आणि घेतली. आणि उदबत्तीचा धूर सरळ निघाला तो स्वयंपाकघरातल्या गॅस गीझरच्या वरच्या जाळीकडे.

तीच जाळी जिने माझा जीव खाल्ला होता. देव्हारा तिच्या बाजूलाच आहे ना. निरांजन लावलं की तिथून वारा यायचा आणि ज्योत फडफडून विझायची. देवापुढचा दिवा असा रोज विझतो हे काही बरं नाही, म्हणून मी कुशलच्या कानीकपाळी ओरडत होते.

मुलगी म्हणाली, ही जाळी असू दे, ऑफिसात विचारून सांगते. मिस्टर क्वेक म्हणाले, "नो नीड आस्क लाह. होल इज होल." आणि कुशल म्हणाला, "आईचा दिवाही राहील आणि पाचवी टिकही मिळेल." मालकांच्या माणसाने जाळीवर जाड पारदर्शक पत्रा ठोकला, कडेने डिंकासारखं काहीतरी भरलं आणि मालकांनी त्या संस्थेला फोटो पाठवून दिला. पाच टिकांचा दाखला आला. दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, येता-जाता दिसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं आमचं झाकलं घर पाच टिकांचं.

आणि दिवा, पदू. आता ज्योत हलत नाही. चित्रात काढल्यासारखी उभी असते. पहिल्या दिवशी मी हात जोडले. म्हटलं, देवा, आता कुठे तुझा पाय या घरात स्थिरावला.

स्थिर नाही ते माझं डोकं. आमटीत दोनदा मीठ पडलं. गार्गीने गुपचूप पाणी ओतून खाल्ली. जेवताना मी विश्वासच्या मुलाच्या लग्नाची गोष्ट काढली, तर ऋता म्हणाली, "आजी, यू टोल्ड ऑलरेडी. टू टाइम्स." सगळे हसले, पण कुशल मध्येच हसायचा थांबला. तो थांबला ते मी पाहिलं.

आईला मळमळायचं का रे? एवढं तरी सांग.

ताई

१८ ऑगस्ट

पदू,

आज अक्षराला नावं ठेवू नकोस.

शेगडीवर दूध ठेवलं आणि जरा पाठ टेकावी म्हणून खोलीत गेले. माझी खोली म्हणजे स्वयंपाकघराला चिकटून असलेली कोठी, दार उघडंच असतं. जाग आली ती ऋता गदागदा हलवत होती. "आजी, वेक अप, वेक अप." घरभर करपल्याचा वास, पातेलं कोळशासारखं काळं. पोरगी माझ्या झोपेला घाबरली होती. हाका मारून मारून थकली म्हणे.

पातेलं मी लपवणार होते. पण कुशलला वास आला.

"आई, गॅस चालू ठेवून तू झोपलीस?"

"डोळा लागला रे जरा."

"जरा?"

एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आधीच्या रविवारी सगळे घरात होते. दिवसभर एसी लावून बसलो आणि संध्याकाळपर्यंत चौघांचंही डोकं धरलं. गार्गी म्हणाली फ्लू आलाय. कुशल म्हणाला, "आई, तुझा तो धूप बंद कर काही दिवस, बंद घरात धूर कोंडतो." केला बंद. सोमवारी ती दोघं ऑफिसात गेली आणि बरी झाली. मग धुपाचंच असणार, नाही का? पण मी तर धूप लावत नाही तरी माझं डोकं तसंच आहे. म्हणजे त्यांचं दुखणं वेगळं आणि माझं वेगळं. माझं आईचं आहे.

अजून एक सांगते, हसू नकोस. गीझरच्या वर भिंतीवर काळा ओघळ येतो. मी घासून काढते. दोन दिवसांनी बघते तर तिथेच. आता मला कळेनासं झालंय की मी खरंच घासते, की घासल्याचं नुसतं मनात येतं. गीझरला पुढे इवलीशी काच आहे. पूर्वी त्यातून आतली ज्योत गोकर्णाच्या फुलासारखी निळी दिसायची, आता समईसारखी केशरी दिसते. की तेव्हाही केशरीच होती? कुणाला विचारू? ज्याला विचारेन तो माझ्याकडे बघेल, गीझरकडे नाही.

काल कानावर आलं ते लिहू की नको असं चाललंय. लिहिते. हॉलमध्ये दोघं बोलत होती, मला वाटतं मी झोपले असं समजून.

गार्गी म्हणाली, "मी वाईट दिसेन, दिसू दे. पण ऋता दिवसभर त्यांच्या हवाली आहे."

"आई आहे ती माझी."

"म्हणूनच म्हणते. पुण्यात ते वृद्धांचं घर आहे ना, माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई आहेत तिथे. डॉक्टर असतात, सोबत असते. इथे कोण बघणार?"

कुशलने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सून वाईट असती तर सोपं होतं. शिव्या घालून मोकळी झाले असते. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पुढच्या महिन्यात मला कुठल्याशा स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. तिथे म्हणे घड्याळ काढायला लावतात. मी रोज कागदावर घड्याळ काढून बघते. आज बारा आणि एक यांच्यामध्ये एवढी जागा राहिली की त्यात अजून एक आकडा बसला असता.

तू वाचतोस. टिका दिसतात मला. मग गप्प का रे?

ताई

२५ ऑगस्ट

पदू,

हे कुणाला सांगू नकोस. ऋताला माझ्यामुळे काहीतरी होतंय.

शाळेतून येते ती चांगली उड्या मारत. पोहून आलेली असते, तर आधी गरम पाण्याने न्हायला जाते. आता तिला कढत पाणी लागतं आणि अर्धा अर्धा तास बाहेर येत नाही. मग जेवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाला बसते, मी शेजारी चिरणं-निवडणं करते. आणि पुस्तकावर डोकं ठेवून झोपते. एवढ्यात असं फार होतंय. सराव परीक्षेत गणितात खाली गेली. गार्गी तिला बोलली, "फोन बघत बसतेस रात्री." पोर म्हणाली, "आय नेव्हर." खरंच नाही बघत.

आज जेवल्यावर तिला उलटी झाली. म्हणाली, "डोन्ट टेल मम्मा, लेटर शी स्टॉप माय स्विमिंग." मी तिचं तोंड पुसलं, लिंबाचं सरबत दिलं. आणि मग मनात आलं. मी तिला काय घातलं? आमटीत मीठ दोनदा पडतं तर दुसरंही काही पडू शकतं. भांडी घासायची पावडर वरच्याच फळीवर असते. मी सगळे डबे काढून हुंगले. पिठी, बेसन, सोडा. मला कशाचाच वास येत नाही असं वाटलं. डबे तसेच जमिनीवर मांडून मी बसून राहिले, मग कुशलची यायची वेळ झाली म्हणून आवरले.

ऋताला माझ्यामुळे काहीतरी होतंय. हे मी वर लिहिलं का? लिहिलंय, आत्ता बघितलं. असू दे, खोडत नाही. तुला कळू दे माझी काय गत आहे ती.

तर मी ठरवलंय. उद्या कुशलला सांगणार, माझं तिकीट काढ. पुण्याच्या त्या घरात मी जाते. त्याने म्हणायच्या आधी मीच म्हणते, म्हणजे त्याच्या जिवाला लागायचं नाही. मला त्या घराची भीती वाटते, पदू. अनोळखी बायका, आणि आईसारखं होऊन त्यांच्या पदराला मी ‘अहो’ म्हणणार. पण इथे राहून माझ्या हातून पोरीला काही झालं तर? त्यापेक्षा मी गेलेली बरी. माझ्यामागे घर सांभाळायला कुणी नाही तर ऋता शाळेतून आल्यावर दार लावून एकटी अभ्यास करेल, आता मोठी झाली. घर तसं बंदिस्त आहे. वारासुद्धा आत येत नाही.

तू बोलत नसतानाही तुझ्याशी बोलायची सवय लागली मला. पुण्याहूनही लिहीन.

ताई

२६ ऑगस्ट, दुपार

पदू,

तुझी ओळ आली. फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं तर मी आधी चष्मा पुसला.

एवढ्या वर्षांनी लिहिलंस, आणि काय लिहिलंस, तर ‘ताई, देवाची ज्योत हलते का?’

आईचं विचारलं तर दिव्याचं विचारतोस. असो. आत्ताच बघून आले. नाही हलत. मुळीच नाही. डोकं जड आहे म्हणून सावकाश लिहिते. आज शाळा लवकर सुटली, ऋता न्हायला गेली आहे, केव्हाची गेली आहे. तिच्यासाठी धिरडी टाकायची आहेत. कुशलला तिकिटाचं सकाळी बोलले. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

हे पाठवते आणि मग

मरीन परेड
२ सप्टेंबर

पदू,

त्या दिवशी वाक्य अर्धं राहिलं कारण तुझा फोन आला. तुला सगळं ठाऊक आहे, तूच तर होतास कानात. तरी लिहिते. मला माझ्याच हाताने लिहून बघायचं आहे की काय काय आठवतं.

‘नाही हलत’ इथपर्यंतच्या अर्ध्या कागदाचा फोटो मी आधीच पाठवून पुढचं लिहीत होते; तो तुझ्याकडे पोचला असेल नसेल तोच फोन वाजला. तुझा आवाज मी ओळखला नाही. घोगरा झालाय.

"ताई, आत्ता काही विचारू नकोस. पोरगी कुठाय?"

"न्हाणीत. केव्हाची."

"पाण्याचा आवाज येतोय?"

"येतोय."

"तिचा?"

मी दारावर थाप मारली. ऋता, ऋता. पाणीच बोलत होतं.

"आधी गीझर बंद कर. फिरव बटण. केलंस? आता तिला बाहेर काढ. घराच्या बाहेर, ताई, खोलीच्या नाही."

आतून कडी. न्हाणीच्या मुठीला बाहेरून एक बारीक खाच असते, तिच्यात काही चपटं घालून फिरवलं की उघडते, हे कुशलने एकदा दाखवलं होतं. मी चमचा घातला, जाईना. डोळ्यांपुढे माश्या उडत होत्या. ओट्यावर धिरड्यांसाठी काढून ठेवलं होतं ते उचललं. उलथनं. उचलतानाच शब्द आला बघ, न बोलावता. त्याची कड खाचेत बसली आणि दार उघडलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली होती, अंगावर पाणी पडतंय, मान एका बाजूला. गाल लाल, झोपल्यासारखी सुरेख. ते सुरेखपण मला जन्मभर दिसत राहणार. टॉवेलात गुंडाळलं आणि ओढत नेली. उचलायची ताकद नव्हती, फरशीवरून ओढली, उंबऱ्यावर तिची टाच खरचटली. बाहेरच्या पॅसेजमध्ये आणून टाकली आणि फोन आतच राहिला, स्पीकरवर तू आतून ओरडत होतास, "ताई, परत आत जाऊ नकोस." मी गेले आणि घेऊन आले. तू रागावलास. रागाव.

मिसेस टे धावत आल्या. त्यांनी ऋताच्या डोक्याखाली आपली मांडी दिली आणि नऊ-नऊ-पाचला फोन लावला. मला म्हणाल्या, "आंटी, यू ऑल्सो सिट. युअर फेस व्हेरी बॅड." ती ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तू कानात बोलत राहिलास, मला झोपू द्यायचं नाही म्हणून. आणि तेव्हा कुठे माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंस.

"आईचं डोकं कधीच दुखलं नाही, ताई. तिला मळमळलं नाही. ती घरात विसरायची, देवळात विसरायची, अंगणातही विसरायची. तुझं दुखणं लिफ्टने खाली गेलं की उतरतं. म्हातारपण असं लिफ्टने उतरत नाही."

मी विचारलं, "मग हे आधी का नाही लिहिलंस?"

मग म्हणालास, "पहिल्या पत्रात सविताचं नाव दिसलं नि बंद केलं, पुढची नुसती उघडून मिटायचो. काल बसून सगळी सलग वाचली."

पॅसेजमध्ये वारा होता. ऋताच्या ओल्या केसांची एक बट हलत होती. मी तिच्या नाकाकडे बघायचं टाळून त्या बटेकडे बघत होते. मग ती खोकली. एवढासा खोकला. मिसेस टे त्यांच्या देवाचं काहीतरी पुटपुटल्या आणि मी आपल्या.

कार्बन मोनॉक्साइड. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं. दोघींना नळीने प्राणवायू दिला, ऋताला माझ्याहून जास्त वेळ. गॅसवाले घरात यंत्र घेऊन गेले तर दारातच ते यंत्र किंचाळायला लागलं म्हणे. गीझरला श्वास घ्यायला ती जाळी होती. ती बुजवल्यावर तो अर्धवट जळून विष ओकत होता, आणि भांडी, आंघोळी, कपडे म्हणून मी दिवसभर त्याला चालू ठेवत होते. त्या विषाला वास नाही, पदू. ज्याला वास नाही त्याला स्वयंपाकघरातली बाई ओळखणार कशी. मी मात्र पिठाचे डबे हुंगत बसले होते.

कुशल हॉस्पिटलमध्ये आला तो माझ्या पलंगाजवळ येईना. ऋताच्या पलंगाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मीच म्हटलं, "ये रे इकडे, चावत नाही." आला आणि लहानपणी करायचा तसं माझ्या दंडावर कपाळ ठेवून राहिला. म्हणाला, "मीच बंद करून घेतली ना ती जाळी." मी म्हटलं, "दिवा माझा, टिक तुझी. आता उगाच वाटणी करत बसू नकोस." गार्गीने माझ्या केसांना तेल लावून वेणी घातली, इतकी घट्ट की कपाळ ताणलं. मी तशीच बसले. हे ताणणं परवडलं.

मिस्टर क्वेक संत्री घेऊन आले होते. बिचारे भांबावलेले. तीच तीच गोष्ट म्हणत होते, "बट आंटी, द हाउस गॉट फाइव्ह टिक्स." तर नाकात नळी घातलेली आमची ऋता म्हणते, "अंकल, हाउस पास. वी ऑलमोस्ट फेल लाह." गार्गी आधी हसली आणि मग तिला रडू आवरेना.

सध्या आम्ही मरीन परेडला कुशलच्या मित्राकडे, शिरीषकडे, राहतो आहोत. जुनी इमारत, एकही टिक नाही. समोर समुद्र, वारा असा की वाळत घातलेले कपडे शेजाऱ्याकडे जातात. ऋता पुस्तक घेऊन गॅलरीत बसते. कालपर्यंत तिला पाढा म्हणताना मध्ये अडखळायला व्हायचं, आज सतराचा सरळ म्हणाली. मी श्वास धरून ऐकत होते.

माझ्या तिकिटाचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. पण भीती गेली असं समजू नकोस. डॉक्टर म्हणाले, पुष्कळसं परत येईल, थोडं येणार नाहीही, काही महिन्यांनी बघू. रोज उठल्यावर ओट्यापाशी उभी राहून एकेकाला नावाने हाक मारते. सांडशी, पळी, झारा, किसणी, उलथनं. काल किसणीपाशी थांबले. किती वेळ ते सांगत नाही. अजून घरात शिरताना दारात उभी राहून आधी खिडक्या मोजते. रात्री उठून ऋताच्या नाकापुढे हात धरते. तिला कळतं. म्हणते, "स्टिल ब्रीदिंग, आजी. गो स्लीप." आणि खरंच विसरायला लागले, आईसारखंच, तर या वेळी तुझ्यापाशी लपवणार नाही. तूही लपवू नकोस, दिसलं तर तोंडावर सांग.

सविताची बाजू मी अजून घेते. पण तू तिकडे घरं तपासायला जाशील तेव्हा कुठे म्हातारी दिसली, तर फटी बघण्याआधी तिला विचारत जा, डोकं कुठे दुखतं आणि कुठे गेल्यावर थांबतं. एवढं माझ्यासाठी कर.

तुझ्या त्या ओळीचं उत्तर मी चुकीच्या घरातून दिलं होतं, म्हणून आज पुन्हा देते. शिरीषच्या ओट्यावर पितळेचा छोटा देव आहे, त्याच्यापुढे मघाशी निरांजन लावलं. चारदा विझलं. चारदा लावलं. आता लिहिता लिहिता मान वळवून बघते आहे.

हलते, पदू. ज्योत हलते.

तुझी
ताई